सर्पगंधा ते क्लोरप्रोमाझिन
उन्मादावर सर्पगंधेची मुळी देण्याची प्रथा भारतात जुनीच. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे गुण शास्त्रीय नियतकालिकात नोंदविले. १९५२ साली तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन देण्यास आरंभ झाला. दोन्ही औषधे मेंदूतील डोपामिनचे कार्य मंदावतात. त्यामुळेच भ्रम व भास ओसरतात आणि त्यामुळेच हात कापू लागतात, स्नायू ताठरतात. गुण आणि दोष यांचे मूळ असे एकच आहे. म्हणून कंप दिसताच घरच्यांनी औषध परस्पर थांबवू नये, कारण आजार उलटण्याचा संभव असतो. आणि डॉक्टरांनीही रुग्णाची तक्रार क्षुल्लक मानू नये. मात्रा घटविता येते, औषध बदलता येते.