नेम धरणारा डोळा

बसल्या जागी एक प्रयोग करून पाहा. दोन्ही हात समोर ताठ धरा. एका पंजावर दुसरा पंजा ठेवून अंगठ्यांच्या बेचक्यांत लहानशी फट राहू द्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून देवळाचा कळस पाहा, नाहीतर झाडाचा शेंडा. आता हात न हलवता आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. एका डोळ्याला कळस जागच्या जागी दिसेल, दुसऱ्याला तो फटीबाहेर गेलेला वाटेल. ज्याने कळस धरून ठेवला तो तुमचा नेम धरणारा डोळा. डॉक्टर त्याला प्रबळ डोळा म्हणतात.

ही गोष्ट इटलीतल्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता या पंडिताने १५९३ साली लिहून ठेवली. तिघांपैकी साधारण दोघांचा उजवा डोळा प्रबळ निघतो. डावखुऱ्याचा डावाच निघेल असे मात्र नाही.

“म्हणजे हाच माझा तेज डोळा!” असे तुम्ही म्हणाल. तिथेच गफलत होते. वळणावर आधी वळणारा बैल तोच जोडीत बळकट, असे थोडेच आहे? नेम धरणे ही मेंदूची आवड. नजरेची धार डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चित्र किती स्वच्छ उमटते आणि मेंदू ते कसे वाचतो, यावर ठरते. निरोगी डोळ्यांत या दोहोंचा मेळ फार ढिला असतो. धार मोजायची तर अक्षरांचा तक्ताच हवा. तो १८६२ साली हॉलंडच्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी बनवला.

पण दोन डोळ्यांत फार फरक असला, तर मेंदू अंधूक चित्र बाजूला सारतो. लहान वयात असे होत राहिले तर तो डोळा पाहायला शिकतच नाही. त्याला आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करीत नाही, कारण चांगला डोळा सारे काम उरकतो. फळा वाचतो, चेंडू झेलतो. घरात कुणाला पत्ता लागत नाही. चष्मा, आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवणे, हा त्यावरचा नेहमीचा उपाय. सातव्या वर्षाच्या आत त्याचा गुण उत्तम येतो. मात्र २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७ ते १२ वर्षांच्या पुष्कळ मुलांनाही फायदा झाला. तेव्हा मूल मोठे झाले म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नका.

गुरुजी, बाई, तक्ता ६ मीटरवर, म्हणजे २० फुटांवर, उजेडात लावा आणि प्रत्येक डोळा वेगळा तपासा. दुसरा डोळा खोलगट तळव्याने झाकायचा, दाबायचा नाही. बोटांनी झाकला तर पोरे फटीतून बघतात. अगदी लहान मूल एक डोळा झाकल्यावर शांत बसते आणि दुसरा झाकताच हात झटकते, ही खूण ध्यानात ठेवा. आणि पोरांना एकेकटे बोलवा, कारण पहिल्याने वाचलेली ओळ मागचा न पाहताच म्हणून दाखवतो.