चार हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ आणि कोरडवाहू माणूस
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



दुष्काळाची गोष्ट निघाली की आपल्याकडची म्हातारी माणसे १९७२ सालापाशी येऊन थांबतात. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या. आज आम्ही तुम्हाला त्याच्या फार मागे नेणार आहोत, चार हजार दोनशे वर्षे मागे. हा दुष्काळ एका जिल्ह्याचा नव्हता, एका देशाचाही नव्हता. आणि त्यात सगळ्यांत आधी कोण उठले? धरणाखालचा, पाटाखालचा नव्हे. कोरडवाहूच.

सीरियाच्या ईशान्य कोपऱ्यात खाबूर नदीचे खोरे आहे. जमीन सपाट, कसदार. पाऊस हिवाळ्यात पडतो, चारशे-साडेचारशे मिलिमीटर. पाट नाही, विहीर नाही. पाऊस पडला की जव आणि गहू पेरायचा. म्हणजे पीक वेगळे, पण जिणे तुमच्या आमच्यासारखेच. तिथे तेल लैलान नावाचे पांढरीचे टेकाड आहे. त्याखाली सव्वादोनशे एकरांचे गाव गाडलेले सापडले.

इसवी सनापूर्वी २३०० च्या सुमारास दक्षिणेकडच्या अक्कादच्या राजांनी हा मुलूख जिंकला. कशासाठी? जवासाठी. दक्षिणेतली शेती पाटाच्या पाण्याची, पण फौजफाटा आणि कारकून पोसायला ते धान्य पुरेना, म्हणून कोरडवाहूचे पीक गोळा करायचे. लैलानला ठरावीक मापाची वाडगी ढिगाने सापडली आहेत. मजुराला त्यातून धान्य मोजून मिळे. जवळच तेल ब्राक इथे नराम-सीन राजाने मोठी इमारत उभारली. खोदणाऱ्यांना कळेना, राजवाडा म्हणावा की धान्याचे कोठार. विटांवर मात्र राजाचे नाव छापलेले. गोदामाला कोनशिला लावायची हौस काही आजची नाही.

आता मातीकडे येऊ, कारण हा आमचा विषय. कृषी महाविद्यालयात आम्हाला मुरमापर्यंत खड्डा खणायला लावत, त्याची भिंत खरवडायला लावत आणि विचारत, सांगा, ही माती काय बोलते? आम्हाला तेव्हा ते थोतांड वाटे. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे हार्वे वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैलानला हेच केले. माणसे नांदत होती तोवरचा थर दाट, राखेचा, खापऱ्यांचा. त्यावरचा थर कोरा. वाऱ्याने आणून टाकलेली बारीक धूळ, आणि तिच्यात गांडुळाचे एक बीळ दिसेना. भावांनो, गांडूळ जमीन सोडून जाते तेव्हा तिथे ओल राहिलेली नसते हे तुम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. असा थर सुमारे तीनशे वर्षांचा भरला. राजाची एक इमारत तर अर्धवट बांधून टाकलेली सापडली. दगड तिथेच, गवंडी गायब. हे सारे १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. पुढे २००० साली ओमानच्या आखाताच्या तळातला गाळ तपासला, तर त्यातही त्याच काळातली धूळ एकाएकी कित्येक पट वाढलेली निघाली.

सगळे विद्वान एकमताचे आहेत असे समजू नका. ब्राकसारखी काही गावे लहान होऊन का होईना तगली, म्हणून काहीजण म्हणतात, पावसापेक्षा राज्यकारभार जास्त दोषी. आम्हाला यात भांडण दिसत नाही. पाऊस कमी झाला ही गोष्ट खरी. पण साऱ्या मुलखाचे धान्य उचलून नेणारे राज्य असले की, वाईट वर्षासाठी पेवात काय शिल्लक राहते, हे विचारायला नको का? अक्कादच्या पाडावावर पुढे एक काव्य रचले गेले. त्यात सारा दोष नराम-सीनने एनलिल देवाचे देऊळ लुटले यावर टाकला आहे. जवाचे किती धान्य उचलले त्याचा हिशेब मात्र कवीला सुचला नाही.

इजिप्तची गत अशीच. नाईलचा पूर इथिओपियाच्या पावसावर चालतो. तो पाऊस रोडावला, पूर खुजा आला, आणि पिरॅमिड बांधणारे जुने राज्य त्याच सुमारास मोडले. दक्षिणेतला अंखतिफी नावाचा सुभेदार मोअल्ला इथल्या आपल्या थडग्यात कोरून गेला आहे की सगळीकडे उपासमार होती, लोक लेकरे खात होते, पण त्याच्या हद्दीत एकही माणूस भुकेने मेला नाही. असे अहवाल आपण पाहिलेले आहेत.

आणि आपल्याकडे? मेघालयातल्या मावम्लुह गुहेत थेंबाथेंबाने वाढलेला चुनखडीचा खांब आहे. त्याच्या थरांतल्या ऑक्सिजनवरून मोसमी पाऊस ढिला पडल्याची खूण मिळाली. २०१८ साली जगातल्या भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासूनच्या काळाला ‘मेघालयीन’ हे नावच दिले. हरियाणातल्या कोटला दहार तळ्याच्या गाळात गोगलगाईंचे शंख सापडले. तेही हेच सांगतात. मोहेंजोदडोच्या माणसांना कापूस ठाऊक होता, चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापड तिथे मिळाले आहे. त्यांची मोठी नगरे मात्र इसवी सनापूर्वी १९०० च्या पुढे ओस पडत गेली.

माणसे संपली नाहीत. कच्छमधल्या खिरसरा गावी जळालेले दाणे चाळून पाहिले, तर आधी जव-गहू जास्त, आणि पाऊस ढळल्यानंतर कमी पाण्याची बारीक तृणधान्ये जास्त. वस्ती टिकली, संपन्नता गेली. हा बदल कुणा कृषी अधिकाऱ्याने शिबिर घेऊन करवला नव्हता. बायकांनी बियाणे राखले असेल, कुणी शेजाऱ्याकडून पसाभर आणले असेल, दोन-तीन हंगाम फसले असतील. दाण्यांवर तेवढे लिहिलेले नसते.

लैलानचे काय झाले ते सांगून थांबतो. दुष्काळात उत्तरेकडचे मेंढपाळ अमोरी लोक कळप घेऊन पाण्याकडे, दक्षिणेला सरकू लागले. उरच्या शू-सीन राजाने त्यांना अडवायला लांबच लांब भिंत बांधली. पुढे पाऊस परत आला. इसवी सनापूर्वी १८०० च्या आसपास लैलानच्या पांढरीवर पुन्हा शहर उभे राहिले, शेतांत पुन्हा जव डोलू लागला. ते शहर राजधानी म्हणून वसवणारा शमशी-अदाद राजा अमोरीच होता.