रात्रीचा वारा, दिवसाचा गारवा

जानेवारीतल्या सकाळी सीबीडी बेलापूरच्या एखाद्या कार्यालयात शिरून पाहा. बाहेर गारवा आणि आत मात्र कोंदट ऊब! मग एसी सुरू होतो आणि माणसांआधी भिंतींनाच थंड करत बसतो.

असे का होते? ऊन, दिवे, संगणक आणि माणसे यांची उष्णता काँक्रीट दिवसभर शोषून घेते. संध्याकाळी आपण एसीबरोबर खिडक्याही बंद करतो आणि ती उष्णता आतच मुक्कामाला राहते. आपल्या आजीने असे केले नसते. देशावरच्या माळवदाच्या घरात उन्हाळ्यात दुपारी खिडक्या बंद, रात्री उघड्या, हा नेमच होता.

झिंबाब्वेतील हरारे येथे 1996 साली उभ्या राहिलेल्या ईस्टगेट या इमारतीत वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी हेच तत्त्व वापरले. तिथे पंखे रात्रीची गार हवा इमारतीत खेळवतात आणि रात्री निवलेले काँक्रीट दिवसा गारवा देते.

मात्र हरारे सुमारे 1500 मीटर उंचीवर आहे, आपण खाडीकाठी. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही पारा 27 अंशांच्या आसपास असतो, शिवाय हवा दमट. तेव्हा खिडक्या उघडल्या तर ओल आत येईल आणि ती काढायला एसीला जादा वीज लागेल. डिसेंबर ते फेब्रुवारीत मात्र पारा बऱ्याच रात्री 20 अंशांच्या खाली उतरतो. आपली संधी ती!

थोडा हिशेब करू. शंभर चौरस मीटरचा, 15 सेंटिमीटर जाडीचा स्लॅब दोन अंशांनी निवला, तर सुमारे 16 युनिट उष्णता बाहेर जाते. ती काढायला एसीला पाच-सहा युनिट वीज लागली असती. रात्रीचे पंखे याहून बऱ्याच कमी विजेत चालले तरच फायदा. आणि वारा स्लॅबला लागला पाहिजे. फॉल्स सीलिंगने तो पुरता झाकला असेल, तर मेहनत वाया.

खरी अडचण वेगळीच आहे. काचेच्या अनेक इमारतींत उघडणारी खिडकीच नसते आणि इमारत उभी राहिल्यावर ती करणे महागात पडते. म्हणून नकाशा होतानाच पाऊस, डास आणि चोर या तिघांना अडवणारे झरोके मागून घ्या. जिथे खिडक्या आहेत, तिथे आत-बाहेर एकेक तापमापक लावा. बाहेरचा पारा तीन-चार अंशांनी खाली असेल आणि हवा कोरडी असेल, तरच रखवालदाराला खिडक्या उघडायला सांगा. सकाळी ऊन चढण्याआधी बंद करायलाही सांगा.

रात्रीचा वारा फुकट आहे. त्याला आत यायला वाट तेवढी ठेवूया.