विमानतळापर्यंतची वाट



विमानतळाचा मोठेपणा सामान्यतः धावपट्टीच्या लांबीवरून आणि विमानांच्या संख्येवरून मोजला जातो. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र त्याची खरी कसोटी जमिनीवर लागते. घराच्या उंबरठ्यापासून विमानाच्या शिडीपर्यंत किती वेळ, किती पैसा आणि किती यातायात लागते, यावरच विमानसेवा सर्वांची की मोजक्यांची, हे ठरते. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ एका शहराचा नाही, तो समग्र विदर्भाचा आहे.

भूगोलाने नागपूरला मध्यवर्ती स्थान दिले आहे. 1867 मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग येथे पोहोचला. पुढे मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही महत्त्वाचे मार्ग येथेच एकत्र आले. 1949 साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हाही नागपूरचीच निवड झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर उतरत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. 1973 मध्ये ही सेवा बंद झाली. परंतु तिने घालून दिलेला धडा आजही मोलाचा आहे. चारही दिशांच्या वेळापत्रकांचा मेळ हेच त्या सेवेच्या यशाचे मर्म होते.

अलीकडच्या काळात विमानतळाकडे जाणाऱ्या मार्गांचे स्वरूप पालटले आहे. 7 मार्च 2019 रोजी खापरी ते सीताबर्डी या मार्गाचे उद्घाटन होऊन नागपूर मेट्रोचा प्रारंभ झाला. वर्धा मार्गावरील ‘विमानतळ’ हे स्थानक याच मार्गावर आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी पहिल्या टप्प्यातील उर्वरित मार्ग खुले झाले आणि रेल्वे स्थानकही मेट्रोशी जोडले गेले. रेल्वेने उतरलेल्या प्रवाशाला आता तेथून मेट्रोने सीताबर्डीस येऊन, गाडी बदलून विमानतळाकडे जाता येते. वर्धा मार्गावर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो अशी तीन मजली रचना उभी राहिली आहे. 3.14 किलोमीटर लांबीच्या या रचनेची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली होती.

दूरच्या जिल्ह्यांसाठी समृद्धी महामार्ग महत्त्वाचा ठरला. नागपूरजवळील शिवमडका येथून निघणारा हा 701 किलोमीटरचा मार्ग 5 जून 2025 रोजी ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत पूर्ण झाला. वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून तो जात असल्याने तेथील प्रवासी व शेतमाल यांना नागपूर जवळ आले आहे.

एवढे झाले तरी काम संपले असे म्हणता येणार नाही. मेट्रोचे स्थानक हमरस्त्यावर आहे आणि टर्मिनलची इमारत तेथून आत आहे. हातात जड सामान, सोबत वृद्ध आईवडील किंवा आजारी माणूस असेल तर हे थोडके अंतरही डोंगराएवढे वाटते. मध्यरात्री मेट्रो बंद असते. त्या वेळी उतरणाऱ्या प्रवाशाला मिळेल त्या वाहनावर आणि सांगितल्या जाणाऱ्या भाड्यावर विसंबावे लागते.

चंद्रपूरहून वरोरा-बुटीबोरी मार्गे येणाऱ्या एस. टी. गाडीचे उदाहरण यादृष्टीने पाहण्यासारखे आहे. ती वर्धा मार्गाने, विमानतळाच्या परिसरावरूनच, शहरात शिरते. प्रवासी तेथे न उतरता गणेशपेठ बसस्थानकापर्यंत गेला, तर आलेलीच वाट त्याला पुन्हा तुडवावी लागते. येथे नव्या पुलाची गरज नाही. निश्चित थांबा, ठळक फलक, टर्मिनलपर्यंत नियमित जोडगाडी आणि विमानांच्या वेळांशी जुळणारे वेळापत्रक, एवढ्याने हा हेलपाटा वाचू शकतो. त्याला लागणारा खर्च अल्प आहे. आवश्यक आहे तो संबंधित यंत्रणांमधील समन्वय.

मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव आणि परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली काळी आई सोडणे सोपे नसते. त्या त्यागाची जाण ठेवायची, तर या विमानतळाचा लाभ मोटारीतून येणाऱ्यांपुरता मर्यादित राहून चालणार नाही. वरूडचा संत्रा उत्पादक, चंद्रपूरचा विद्यार्थी आणि उपचारांसाठी दूरच्या शहरी निघालेला गडचिरोलीचा रुग्ण यांनाही ही वाट सुगम झाली पाहिजे.

एके काळी चार दिशांची विमाने नागपुरात ठरल्या वेळी भेटत होती. आता रेल्वे, मेट्रो, एस. टी. आणि विमान यांची अशीच वेळेवर भेट घडवून आणणे, हे पुढील कार्य आहे. ती भेट साधली, तरच विमानतळ खऱ्या अर्थाने विदर्भाचा होईल.