स्विच किती हवेत? गिटारच्या पोटातल्या वायरिंगच्या गोष्टी

हेडफोन लावलेत ना? आज लावाच, कारण आजचा सगळा भाग आवाजाच्या बारीक फरकांबद्दल आहे.

मला एक प्रश्न सतत येतो. "दादा, माझ्याकडे एकच गिटार आहे, दुसरी घ्यायचं बजेट नाही. तिच्यात एक्स्ट्रा स्विच टाकून नऊ-दहा आवाज काढता येतील का?" येतील की! तीन पिकअप आणि चार छोटे स्विच दिले तर त्याहून जास्त येतील. पण मी उलटा प्रश्न विचारतो. गाणं चालू आहे, दोन मात्रांत सोलो सुरू होणार आहे, तेव्हा यातला कुठला आवाज तुमच्या हाताला सापडेल? वायरिंग ठरवायचं ते या उत्तरावरून.

आधी थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर 1954 साली आली, तेव्हा तिच्यात तीन पिकअप होते आणि स्विचला तीनच जागा. एका वेळी एक पिकअप. वादकांच्या लक्षात आलं की स्विच दोन खाचांच्या मध्ये अडकवला तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक वेगळाच, खणखणीत पण मऊ आवाज येतो. लोक वर्षानुवर्षं स्विच असा अधांतरी ठेवून वाजवत राहिले. कंपनीने कारखान्यातूनच पाच जागांचा स्विच द्यायला सुरुवात केली ती 1977 मध्ये. म्हणजे बघा, वादकांना आवाज आधी सापडला, स्विच नंतर आला. आपण नेमकं उलट करतो. आधी स्विच बसवतो आणि मग त्याचं काय करायचं ते शोधत बसतो.

आता मुद्द्याचं. पर्याय बरेच आहेत, मी चारच सांगतो.

पहिला, सगळ्यात सोपा आणि माझा लाडका. पाच जागांच्या स्विचवर नेक आणि ब्रिज हे दोन टोकांचे पिकअप एकत्र कधीच मिळत नाहीत. एक साधा ऑन-ऑफ स्विच घ्यायचा आणि नेक पिकअप त्यातून थेट व्हॉल्यूमकडे न्यायचा. मुख्य स्विच कुठेही असो, हा दाबला की नेक सामील. मग ब्रिजच्या जागेवर नेक अधिक ब्रिज मिळतं आणि शेजारच्या जागेवर तिन्ही एकत्र. पाचाचे सात आवाज झाले, तेही एका स्विचमध्ये. डेव्हिड गिल्मोरच्या प्रसिद्ध काळ्या स्ट्रॅटमध्येही नेक जोडणारा असाच छोटा स्विच होता.

दुसरा पर्याय हंबकरवाल्यांसाठी. हंबकर म्हणजे दोन कॉइल शेजारी शेजारी, उलट गुंडाळलेल्या, चुंबकाची दिशाही उलटी. त्यामुळे तारांचा आवाज जमा होतो आणि बाहेरची घरघर एकमेकीला मारून टाकते. सगळे म्हणतात, "कॉइल स्प्लिट करून घे." म्हणजे एक कॉइल बंद. आवाज पातळ आणि चमकदार होतो, खरं आहे. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, आवाज एकदम खाली बसतो. दोन, घरघर परत येते. घरी हे चालून जातं. कॉलेजच्या फेस्टला किंवा गणपतीच्या स्टेजवर बाजूला लाइटचे डिमर असतात, मागे केबलचं जंगल असतं. तिथे शांत गाण्याच्या सुरुवातीला तुमच्या आधी तुमची गिटारच गुणगुणायला लागते.

त्यावर उपाय म्हणजे त्याच दोन कॉइल सिरीजऐवजी पॅरलल जोडणं. आवाज सिंगल कॉइलच्या जवळ जातो, स्वच्छ होतो आणि घरघर मात्र येत नाही. स्टेजवर वाजवणाऱ्याला मी स्प्लिटच्या आधी हेच सुचवेन. फक्त त्यासाठी पिकअपमधून प्रत्येक कॉइलची दोन्ही टोकं बाहेर आलेली हवीत, म्हणजे चार वायर आणि एक अर्थिंगची. आणि हो, वायरचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नका.

तिसरा पर्याय, दोन पिकअप सिरीजमध्ये. नेहमी ते पॅरलल असतात. सिरीज केले की आवाज मोठा, जाड, मधल्या सुरांनी भरलेला. सिंगल कॉइलवाल्यांना सोलोसाठी ही फुकटची ताकद आहे.

चौथा, फेज. एका पिकअपच्या दोन वायर उलट करायच्या. आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा होतो. पीटर ग्रीनच्या लेस पॉलचा तो विलक्षण आवाज यातलाच, तिथे नेक पिकअपमधलं चुंबक उलटं होतं. पण लक्षात ठेवा, दोन पिकअप चालू असतील तरच फेज स्विचचा काही उपयोग. एकट्यावर फरक ऐकू येणार नाही. आणि बँडमध्ये हा पातळ आवाज ड्रम-बासच्या खाली सहज गाडला जातो.

"पण ब्रायन मेच्या गिटारला सहा स्विच आहेत की!" आहेत. तीन पिकअप, प्रत्येकाला एक ऑन-ऑफ आणि एक फेजचा, आणि सगळे पिकअप सिरीजमध्ये. पण ती गिटार त्याने वडिलांबरोबर 1963 पासून घरी बनवायला घेतली, स्वतःच्या हातासाठी आणि कानासाठी. त्याला त्यातला प्रत्येक स्विच पाठ आहे. आपल्याला पाठ होतील तेवढेच आपण घ्यावेत.

मग ठरवायचं कसं? फोन आहे ना हातात? पुढच्या प्रॅक्टिसला तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि पूर्ण बँडसकट रेकॉर्ड करा. प्रत्येक गाण्यात स्विच कुठे होता ते लिहून ठेवा. घरी ऐका. कुठे गिटार हरवली? कुठे टोचली? ज्या दोन-तीन ठिकाणी हवा तो आवाज मिळालाच नाही, तेवढ्यांसाठीच वायरिंग बदला. मी ज्यांना हे करायला लावलं, त्यातल्या बहुतेकांची यादी एका स्विचवर आली. काहींची तर नुसती पिकअपची उंची स्क्रू फिरवून कमी केल्यावर मिटली!

आता हात घालणार असाल तर थोडं व्यवहाराचं.

गिटारला भोक पाडू नका. पुश-पुल पॉट घ्या, म्हणजे वर ओढला की स्विचचं काम करणारा टोनचा नॉब. बाहेरून काही दिसत नाही आणि उद्या गिटार विकताना किंमत पडत नाही. पण तो खोलीला जास्त असतो, म्हणून आधी पोकळी मोजा. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त गिटारमध्ये छोटे पॉट असतात, त्यांच्या भोकात मोठा अमेरिकन मापाचा पॉट जात नाही. तेही मोजा. सिंगल कॉइलला साधारण 250 किलोओहमचा पॉट लावतात, हंबकरला 500 चा. 500 ने आवाज थोडा उजळ राहतो.

काहीही सोडवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. पुलाला, म्हणजे ब्रिजला गेलेली अर्थिंगची वायर तोडू नका. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते ती तिच्यामुळे. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत आरामात मिळतं. काम झालं की अँप अगदी हळू ठेवून प्रत्येक पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टकटक करा. ज्याचा टक मोठा ऐकू येतो तो चालू. साध्या पॅसिव्ह गिटारच्या आत विजेचा धोका नसतो. पण अँप उघडायचा मोह झाला तर तो आवरा. विशेषतः ट्यूब अँप बंद करून प्लग काढला तरी आत जीवघेणा चार्ज उरलेला असू शकतो.

आणि सोल्डरिंगचा हात बसला नसेल तर कारागिराकडे जा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त जाताना "काहीतरी भारी करून द्या" असं म्हणू नका. कागदावर लिहून न्या: मला अमुक गाण्यात, अमुक जागी, असा आवाज हवा. एवढं स्पष्ट लिहिलं असेल, तर अर्धं वायरिंग तुम्हीच केलेलं असतं.

पुढच्या भागात व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज मंद का होतो आणि त्यावर एका छोट्या कपॅसिटरचा इलाज, ते बोलू. तोवर प्रॅक्टिस रेकॉर्ड करा आणि वाजवत राहा!