लेफ्टनंट कारा हल्टग्रीन

२५ ऑक्टोबर १९९४. युद्धाची ती वेळ नव्हती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, पॅसिफिक महासागरांत ‘अब्राहम लिंकन’ ही विमानवाहू नौका संचार करीत होती, आणि तिच्यावर उतरण्यासाठीं लेफ्टनंट कारा हल्टग्रीन हिचें एफ-१४ विमान शेवटचें वळण घेत होतें. नौकेवरून लढाऊ विमान चालविणारी अमेरिकन आरमारांतील ही पहिली स्त्री. वय अवघें २९.

श्रोतेहो, डोलत्या नौकेवर विमान उतरविणें हें साधें काम नव्हे. विमानाचा आंकडा पोलादी दोरांत अडकवावयाचा. उंची अल्प, चूक सावरण्यास अवकाश जवळ जवळ नाहींच. काराचें वळण किंचित् पुढें गेलें. तें दुरुस्त करतांना विमान तिरकें झालें, डाव्या इंजिनांतील वायुप्रवाह बिघडून त्याची शक्ति गेली व विमान डावीकडे कलंडलें. मागें बसलेल्या सहकाऱ्यानें आसनें बाहेर फेकण्याची कळ ओढली. तो वांचला. काराचें आसन त्यामागून ०.४ सेकंदांनीं सुटलें. तेवढ्यांत विमान उलटूं लागलें होतें. ती सरळ पाण्यावर आदळली.

स्त्री म्हणून तिला सवलती दिल्या, असा आक्षेप पुढें निघाला. वास्तविक नौकेवर उतरण्याच्या परीक्षेंत ती प्रथम अनुत्तीर्ण झाली होती व दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाली. चूक तिची झालीच नाहीं असें नव्हे. पण त्या इंजिनाची ती खोड पुरुष वैमानिकांनाहि पुरती ठाऊक होती.

नोव्हेंबरांत तिचा देह समुद्रतळाशीं सांपडला. आसनाचे पट्टे तसेच बांधलेले होते.