माझ्या वतीनं कोण बोलणार?

(एकट्या राहणाऱ्या बायकांच्या मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात घर कुणाच्या नावावर आणि रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, यावर आपण चांगल्या भांडलो. मला बोलायचंय ते आणखी एका सहीबद्दल. आपली शुद्ध हरपली असेल तेव्हा दवाखान्यात आपल्या वतीनं सही कोण करणार?

आमच्या गटातली एक मैत्रीण होती. नवऱ्यानं टाकून बावीस वर्षं झालेली. एका रात्री तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला, आयसीयूत ठेवलं. नऊ वर्षं तिच्याबरोबर एका खोलीत राहणारी दुसरी मैत्रीण बाहेर बाकड्यावर बसून होती. "नातेवाईक कोण?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "मीच." ते चाललं नाही. शेवटी गावाहून नवऱ्याला बोलावणं धाडलं. तो आला, "काय करायचं ते करा" म्हणून सही केली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेला. ती सतरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. "मला नळ्या लावून ठेवू नका ग," हे तिनं आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. पण कागदावर एक ओळही नव्हती, आणि आमचा शब्द कुणी धरला नाही.

अरुणा शानभाग तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ ला मरण येईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून जास्त, ती त्याच रुग्णालयात पडून होती. तिचं अन्न थांबवावं म्हणून पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या तिची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं याचिका फेटाळली आणि तिच्या वतीनं बोलण्याचा अधिकार रुग्णालयातल्या त्या माणसांचा, असं म्हटलं. दोन्ही बाजूंना तिच्याबद्दल कळवळा होता. मी स्वतः तेव्हा आधी एका बाजूला होते, मग दुसऱ्या. पण अरुणाला काय हवं होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पंचविशीतली मुलगी असलं काही लिहून ठेवते का?

आता लिहून ठेवता येतं. ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला, की सन्मानानं मरणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यातून वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य झालं. मात्र त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. त्या दारापर्यंत जाणार कोण? २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं ही अट सैल केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. माझं मत विचाराल तर ज्यांना तुमच्या खोलीचा किंवा दागिन्यांचा वाटा मिळणार, त्यांना साक्षीला घेऊच नका.

हे इंजेक्शन देऊन मारणं नव्हे. तो गुन्हाच आहे. आजार बरा होण्याची आशा संपली आणि स्वतः निर्णय घेण्याची शक्ती उरली नाही, तरच हा कागद बोलतो. तोवर तुमचं तोंडच बोलणार. तेव्हाही एकट्या डॉक्टरच्या हातात काही नसतं. आधी रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ बसतं, मग दुसरं मंडळ, आणि उपचार काढण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. वेदना कमी करण्याचे उपचार, अंग पुसणं, कूस बदलणं यातलं काही थांबत नाही.

लिहिताना मोघम लिहू नका. "मला त्रास देऊ नका" याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून अन्नाची नळी, बंद पडलेलं हृदय दाबून सुरू करणं, एकेकाचं नाव घेऊन हवं की नको ते लिहा. आणि तुमच्या वतीनं कोण बोलणार त्यांची नावं घाला. २०२३ पासून एकाहून जास्त नावं देता येतात. निकालात "पालक किंवा जवळचे नातेवाईक" असे शब्द आहेत. म्हणून मैत्रिणीचं नाव घालायचं तर "हिला मी माझी पालक नेमते" असं सरळ लिहावं, असं मी सुचवते. तिला आधी विचारा मात्र! ओझं आहे ते.

कागद साड्यांच्या घडीखाली ठेवलात तर तो तेराव्याला सापडेल. एक प्रत त्या मैत्रिणीकडे, एक नेहमीच्या डॉक्टरकडे द्या. महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही प्रत द्यायची असते. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यावर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं. दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला धरतात, तरी जुन्या प्रती परत मागून फाडाव्यात.

मघाशी एक ताई हळूच म्हणाल्या, "आमच्या उपचाराला तसेही पैसे निघत नाहीत, त्यात हा कागद घरच्यांच्या हाती कशाला द्यायचा?" ही भीती खोटी नाही. बाईचं दुखणं अंगावर काढायचं असतं, हे आपण पाहतोच. "मुलांवर भार नको" हे वाक्य तिचं स्वतःचं की तिला शिकवलेलं, हे ओळखणं फार अवघड आहे. अपंग मैत्रिणींनीही हा धोका आपल्याला दाखवला आहे. म्हणून गटानं रेशनचे फॉर्म भरावेत तसे हे फॉर्म घाऊक भरून घेऊ नयेत. बाईशी एकटीशी बोलावं, सून आणि मुलगा बाहेर. आणि "बरा होणारा आजार असेल तर माझ्यावर पूर्ण उपचार करा, पैशाचं कारण सांगू नका" हेही त्याच कागदावर पहिल्या ओळीत लिहावं. मी माझ्यात तेच लिहिलं आहे.

नमुना बाहेर टेबलावर ठेवला आहे, मराठीत. घरी न्या, ज्यांची नावं घालणार त्यांच्याबरोबर वाचा. आज इथं कुणीही सही करायची नाही. पुढच्या बैठकीला खाडाखोड केलेले कागद घेऊन या, मग नोटरीला बोलावू.